बहिरमच्या जत्रेतली काच

अकोल्याच्या जठारपेठेतल्या त्या वाचनालयात येणारी माणसं साधारण दोन प्रकारची होती. एक, कादंबऱ्या नेणारी. दुसरी, वर्तमानपत्र तोंडावर धरून फुकटची डुलकी काढणारी. धर्मपाल या दोन्हींत बसत नव्हता. नगरपालिकेच्या शाळेत तिसरीला शिकवणारा हा सत्तावीस वर्षांचा मास्तर यायचा, पुस्तक हातात घ्यायचा आणि उघडायच्या आधी ग्रंथपाल वामनरावांना विचारायचा, "हे खरं हाय का?"

पहिल्यांदा वामनराव चिडले. "मास्तर, एवढ्या मोठ्या मानसानं तीनशे पानं लिहिली. तो काय खोटं बोलाले बसला होता?"

"खोटंच ना. न झालेल्या मानसाचं न झालेलं लगन."

वामनराव शेतकऱ्याच्या घरातले. पुस्तकांवर त्यांचा जीव होता, पण वादात ते लवकर दमायचे. त्यांनी धर्मपालला भिंतीकडच्या एका कपाटापाशी नेलं आणि ज्याची किल्लीसुद्धा गंजून गेली होती ते कपाट मोठ्या खटपटीनं उघडून दिलं. आत सापांवरचं पुस्तक होतं. कपाशीवरच्या किडींचं होतं, हिमालयात चढून गेलेल्यांचं होतं, विहिरीला पाणी कुठून येतं त्याचं होतं. एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यानं खुनांच्या आपण केलेल्या तपासांची हकिगत लिहिली होती, तेही होतं. बऱ्याच पुस्तकांची पानं अजून कापलेलीच नव्हती, म्हणजे छापल्यापासून त्यांच्यात कोणी डोकावलंच नव्हतं. वामनराव म्हणाले, "घ्या. हे समदं खरं हाय, म्हनूनच कोनी नेत नायी."

धर्मपालनं ते कपाट दोन वर्षांत जवळजवळ संपवलं. लोक समजायचे की हा मास्तर कोरडा आहे, याला गोष्टीतलं काही कळत नाही. तसं नव्हतं. खोटं हवं तेवढं मोठं करता येतं, त्यात त्याला नवल वाटत नसे. पण साप जिभेनं वास घेतो, आणि हे आपल्या गोठ्यामागच्या सापालाही लागू आहे, असं वाचलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. एवढं सगळं खरोखरच आहे आणि आपण त्याच्यातूनच चपला ओढत शाळेत जातो, याचं त्याला रोज नव्यानं आश्चर्य वाटे.

शाळा सुटल्यावर तो ही पुस्तकं आईला वाचून दाखवायचा. जाईबाई जिनिंगमध्ये कापसावर कामाला जायची. केसांत सरकीचा फुलोरा घेऊन घरी यायची आणि भिंतीला टेकून म्हणायची, "हं, सांग. आज कोन मेलं?" पोलीस अधिकाऱ्याचं पुस्तक तिला फार आवडलं. अधिकारी चाळीस पानं वणवण फिरायचा आणि जाईबाई तिसऱ्या पानावर निकाल द्यायची. "जावयानं मारला. पह्यल्याच दिवशी जास्त रडला तो." शेवटी जावईच निघायचा. धर्मपालनं हे वामनरावांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या मायले पोलिसात घ्याले पाह्यजे होतं, सरकारचं लय पेट्रोल वाचलं असतं."

हे सगळं हसतखेळत चालायचं. पण मायलेकांच्या मधे एक गोष्ट होती, जिच्याविषयी दोघंही बोलत नसत.

छप्पन सालच्या ऑक्टोबरात नागपूरहून दीक्षा घेऊन माणसं परतली ती ताठ मानेनं. जाईबाई गेली होती, एकोणीस वर्षांचा धर्मपालही गेला होता. परत आल्यावर वस्तीतल्या पोरांनी ठरवलं की घरोघरचे जुने देव मोर्णा नदीत सोडायचे. जाईबाईचा या गोष्टीला पुरा होकार होता. पोरं रविवारी जाणार असं ती समजून होती, पण पोरांना कुठला दम निघतो. ती कामावर गेली असताना त्याच दुपारी धर्मपालनं टाक, शेंदराचा दगड आणि भिंतीवरच्या तसबिरी पोत्यात भरल्या आणि सगळ्यांबरोबर गाणी म्हणत नेऊन नदीत सोडल्या. संध्याकाळी जाईबाई घरी आली. तसबिरीच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन राहिला होता. तिनं त्याच्याकडं बघितलं, माठातलं पाणी प्यायली आणि म्हणाली, "देव गेले ते बेस झालं. पन मोठ्या तसबिरीच्या मागं तुहा बाप होता."

धर्मपालचा बाप देवराव मूर्तिजापूर-अचलपूरच्या छोट्या रेल्वेवर गँगमन होता. पोरगा दोन वर्षांचा असताना पटकीनं गेला. त्याचा जन्मात एकच फोटो निघाला होता, तोही बहिरमच्या जत्रेत. वेगळी चौकट करायची ऐपत नव्हती, म्हणून तो देवाच्या तसबिरीच्या मागं सरकवून वर फळी ठोकून टाकली होती. वाळवी आणि धूर यांच्यापासून तिथं तो सुखरूप होता. फळी ठोकलेली, त्यामुळं धर्मपालनं तो कधी बघितलाच नव्हता. त्या संध्याकाळी तो धावत नदीवर गेला, कंबरभर पाण्यात उभं राहून गाळ चाचपत राहिला. दुसऱ्यांच्या घरचे चार टाक हाताला लागले. चौकट लागली नाही.

आईनं त्याला कधी बोल लावला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. कधीतरी त्याच्या तोंडाकडं बघत ती म्हणायची, "नाक त्यायचंच हाय." मग धर्मपाल आरशात बापाला शोधायचा. सापडायचं तेवढं नाक. बाकीचा माणूस कसा होता, हे आता जगात एकट्या जाईबाईला ठाऊक होतं, आणि अलीकडं तिलाही खात्री वाटेनाशी झाली होती. चौसष्ट साली सून पंचफुला बाळंतपणासाठी मोर्शीला माहेरी गेली तेव्हा जाईबाई एवढंच म्हणाली, "लेकराले आजा कोनता दाखवू मी? मलेच आता डोये मिटले का नुसती मिशी दिसते." धर्मपालला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

बाळंतपणाची बातमी वामनरावांना कळली आणि त्यांनी कपाटातून एक पुस्तक काढून समोर टाकलं. घरच्या माणसांचे, लहान मुलांचे फोटो कसे काढावेत, याचं ते पुस्तक होतं.

"माह्याजवळ कॅमेरा नायी, वामनराव."

"नसू द्या. हिमालयाचं नेलं तवा तुमी कुठं चढून आलते?"

धर्मपालनं ते घरी आणलं. पहिली पानं त्यानं गमतीनं वाचली: लहान मुलाला 'हस' म्हणू नये, ते रडतं, म्हाताऱ्या माणसाला उन्हात बसवू नये, त्याचे डोळे मिटतात. मग फोटो तयार कसा होतो, तो भाग आला, आणि वाचता वाचता धर्मपाल सरळ होऊन बसला.

फोटो म्हणजे कागद, असंच तो आजवर समजत होता. पुस्तक म्हणत होतं की कागद ही फार पुढची गोष्ट. माणसाच्या अंगावर पडलेला उजेड उसळून आधी काचेवर येतो. काचेवर चांदीच्या क्षाराचा लेप असतो. उजेड पडेल तिथं तो काळा होतो, सावली असेल तिथं काच मोकळी राहते, म्हणून काचेत पांढरा सदरा काळा आणि काळे केस पांढरे दिसतात. त्या उलट्या काचेवरून मग हवे तेवढे सुलटे कागद छापता येतात. आणि खाली एक साधं वाक्य होतं: गिऱ्हाईक कागद घेऊन जातं, काच मात्र धंदेवाल्याकडेच राहते.

धर्मपालनं पुस्तक मिटलं. पुन्हा उघडून तेच वाक्य वाचलं. ते तिथंच होतं. एका थंडीत बहिरमच्या माळावर जो उजेड बापाच्या तोंडावर पडला, तोच उजेड उडून काचेत शिरला आणि तिथं थांबला. मोर्णेत गेला तो कागद. उजेड गेलाच नव्हता.

जाईबाई भाकरी थापत होती. त्यानं सांगितलं तेव्हा तिचा हात परातीतच राहिला. "म्हनजे नदीत गेला तो तुहा बाप नव्हता?"

"तो उतारा होता, माय. अस्सल काच फोटोवाल्याजवळ राह्यते."

"पंचीस वर्षं कोन ठेवीन रे काच?" ती म्हणाली. पण भाकरी करपली तरी तिच्या लक्षात आलं नाही.

फोटोवाला कोण, कुठला, हे तिला आठवेना. नाव तिनं कधी विचारलंच नव्हतं. इथं धर्मपालला पोलीस अधिकारी उपयोगी पडला. त्या अधिकाऱ्यानं लिहिलं होतं की साक्षीदाराला कधी चेहरा विचारू नये, चेहऱ्याच्या आजूबाजूचं विचारावं. मग चेहरा आपोआप येतो. धर्मपालनं आईला समोर बसवलं.

"पायाखाली काय होतं?"

"सतरंजी. लाल. मी चप्पल काढून ठेवली होती, अन फोटोवाला म्हने, बाई, चप्पल घाला, शान दिसते."

"मी कुठं होतो?"

"माह्या मांडीवर. सहा-सात महिन्यांचा. टोपडं घातलं होतं तुले, मी शिवलेलं, त्याले आरशाच्या टिकल्या लावल्या होत्या. तुह्या बापाच्या अंगात कोट होता. तो फोटोवाल्याचा. समद्या जत्रेनं घातलेला, वास मारे त्याचा."

"अन मागं?"

जाईबाई एकदम हसायला लागली. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला. "मागं पडदा होता, चितारलेला. त्याच्यात एक मनोरा, मनोऱ्यावर घडी. काटे रंगवलेले. तुह्या बापानं मागं पाह्यलं अन म्हने, दहा वाजले, माही गाडी चुकली. निंघालेच उठून. फोटोवाल्यानं कोटाले धरून बसवले. म्हने, अमरावतीले अंबागेटापाशी दुकान हाय माहं, तठीबी हाच पडदा हाय, तठी रोजच दहा वाजते."

तिनं बोलणं थांबवलं आणि लेकाकडं बघितलं. गाव, जागा, खूण, तिन्ही एका दमात बाहेर आली होती. पंचवीस वर्षं ती तिच्याजवळच होती. कोणी विचारलं नव्हतं एवढंच.

पुढच्या सुट्टीला दोघं बडनेऱ्यावरून अमरावतीला गेली. अंबागेटापाशी दोन पानवाल्यांनी खांदे उडवले. तिसरा म्हातारा होता. घड्याळाचा पडदा म्हणताच त्यानं पिचकारी टाकून गल्ली दाखवली. "नत्थुजीचा पडदा. नत्थुजी गेले. पोरगा हाय, शेषराव."

शेषराव चाळिशीचा, चष्मा लावणारा, बोलायला मऊ माणूस होता. दुकानात आता विजेचे दिवे होते, पडदा साधा करडा होता. धर्मपालचं सगळं त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसत बसला. माणूस असं करायला लागला की समजावं, बातमी चांगली नाही.

"काय सांगू, मास्तर. लढाईच्या सालात काच मिळेनाशी झाली होती. बाबांनी जुन्या काचा गरम सोड्याच्या पान्यात धुतल्या अन चौकटी करनाऱ्याले इकल्या. पेट्याच्या पेट्या धुतल्या. मी सोताच्या हातानं पानी ओतलं."

धर्मपालच्या डोळ्यापुढं ती काच आली: सोड्याच्या पाण्यात लेप सुटतोय, कोट सुटतोय, मिशी सुटतेय, आणि मागं स्वच्छ काच उरतेय, जी मग कोणाच्या तरी घरी देवाच्या तसबिरीवर चढते. त्याला वाटलं, आपण बाप दुसऱ्यांदा पाण्यात घातला. तो उठायला लागला. जाईबाई मात्र बसूनच होती. पुस्तकातल्या अधिकाऱ्यापेक्षा ती आधीपासूनच एक पाऊल पुढं असायची.

"समद्याच धुतल्या?" तिनं विचारलं.

"समद्या नायी," शेषराव म्हणाला. "घर बांधत होतो तवा. मायले सैपाकघरात उजेड पाह्यजे होता. खिडकीले काच घ्याले गेलो तं काच कुठं होती? मंग जत्रेतल्या काही तशाच बसवल्या, न धुता. त्या अजून हायेत."

घर दुकानाच्या मागंच होतं. शेषरावची आई, नत्थुजींची बायको पार्वताबाई, दारात उभी होती. लेकानं पाहुणे कशासाठी आलेत ते सांगितलं. तिनं ऐकलं, जाईबाईकडं बघितलं आणि त्या काळात कोणीही विचारायचं तेच विचारलं. "कोन गावचे? कोनाच्यातले?"

"अकोल्याचे," जाईबाई म्हणाली. "बौद्ध आहोत."

पार्वताबाईचा हात चौकटीवर होता, तो तिथंच राहिला. शेषराव खाली जमिनीकडं बघायला लागला. मग तोच हळूच म्हणाला, "खिडकी भायेरच्या अंगणातूनबी दिसते."

धर्मपालच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. आठ वर्षांपूर्वी तो असल्या दारातून तिथल्या तिथं वळला असता. आताही वळला असता, पण मागं आई उभी होती. त्यानं आवाज वर जाऊ दिला नाही. "भायेरून काच काळी दिसन, शेषराव. तुमाले ठाऊकच हाय. पाह्यनारानं अंधारात उभं राहावं लागते, उजेड पल्याडून पाह्यजे."

एक शेळी अंगणातून ओरडत गेली. मग जाईबाईनं विचारलं, दाराकडं नाही, पार्वताबाईकडं बघून, "तुमच्या खिडकीत एक लेकरू हाय का? टोपड्याले टिकल्या लावलेलं?"

पार्वताबाईचा हात चौकटीवरून खाली आला. "टिकल्यावालं? खालच्या रांगेतलं?"

"माह्या हातचं टोपडं हाय ते."

"ते लेकरू तुमचं हाय?"

"हा काय उभा हाय."

पार्वताबाईनं धर्मपालला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. चांगला साडेपाच फुटी मास्तर, ओठावर मिशी, हातात छत्री. ती त्याच्याकडं अशी बघत राहिली की धर्मपाललाच कसंसं झालं. "वीस वर्षं झाली," ती म्हणाली, "मी चुलीपाशी बसली का पह्यले त्याच्याकडं पाह्यतो. माही पोरं मोठी झाली, त्यायची पोरं झाली, हे आपलं तेवढंच." मग ती थांबली. काहीतरी तिच्या मनात उलटसुलट होत होतं आणि ते तिच्या तोंडावर सगळं दिसत होतं. शेवटी ती दारातून बाजूला सरली. "तुमी तं केवाच्या माह्या सैपाकघरातच हायेत, बाई. मी काय आडवी उभी राहून राह्यली? या."

आत अंधार होता. चूल विझलेली. आणि समोर, पूर्वेच्या भिंतीत, ती खिडकी.

धर्मपालनं पुस्तकात वाचलं होतं, तरीही तो उंबऱ्यातच थबकला. वहीच्या पानाएवढ्या काचा ओळीनं बसवलेल्या, आणि प्रत्येक काचेत माणसं. काळी तोंडं, पांढरे केस, पांढऱ्या बाहुल्यांचे डोळे. पागोटेवाले, नथवाल्या, मांडीवर पोरं, हातात उसनी छत्री. सगळ्यांच्या मागं तोच मनोरा आणि त्यावर तेच घड्याळ. उन्हाचा झोत त्यांच्यातून येत होता आणि त्यांची फिकट सावली पार्वताबाईच्या भांड्यांवर, पिठाच्या डब्यावर, जाईबाईच्या लुगड्यावर पडली होती. अख्खी एक जत्रा या घरात स्वयंपाकाचा वास घेत वीस वर्षं उभी होती. कोण कुणाचं, कुठल्या गावचं, कुठल्या वस्तीतलं, हे कोणाला ठाऊक नव्हतं आणि काचेत ते उमटलंही नव्हतं. धर्मपालनं आजवर वाचलेल्या सगळ्या खऱ्या पुस्तकांनी मिळून त्याला एवढं गप्प केलं नव्हतं.

"हे तं भुतं हायेत," जाईबाई पुटपुटली.

"उलटं हाय, माय. काळं ते गोरं समज."

पार्वताबाईनं खालच्या रांगेत बोट दाखवलं. "हे पाहा."

जाईबाई पुढं झाली. टोपड्यावर टिकल्यांच्या जागी काळे बारीक ठिपके होते. टोपड्याखाली लेकराचं काळपट तोंड, लेकराला धरलेला हात, हातात बांगड्या. हाताच्या वर काही नव्हतं. पावसानं त्या बाजूचा लेप वरून खाली खाऊन टाकला होता, जाईबाईचं तोंड धुऊन गेलं होतं. पण शेजारी कोट घातलेला माणूस होता. पाऊस त्याच्या खांद्यापर्यंत आला होता आणि थांबला होता.

"माय, तुहं तोंड गेलं," धर्मपाल म्हणाला.

"माहं काय करतं. मी तं अथी उभी हाओ. तो हाय का पाह्य."

उलट्या तोंडावरून तिला काही सांगता येईना. शेषरावनं काच काढायची ठरवली. लाकडी पट्ट्यांचे बारीक खिळे तो पकडीनं एकेक उपटायला लागला. गंजलेला एक खिळा निघता निघता काचेचा कोपरा कचकला. "जपून रे," पार्वताबाई म्हणाली, "लेकराकडून नको ओढू." तडा कोपऱ्यातच राहिला. काच बाहेर आली आणि खिडकीत त्या जागेतून एकदम भगभगीत, नुसतं, रिकामं ऊन आत आलं.

शेषरावकडे उन्हात छापायचा कागद होता. नमुना दाखवायला तो वापरत असे. त्याला अंधारी खोली लागत नाही. लाकडी चौकटीत काच, काचेला चिकटून कागद, मागून झाकण, आणि चौकट अंगणात उन्हाला तोंड करून ठेवायची, एवढंच. चौघं भोवती उकिडवी बसली. शेषरावनं थोड्या वेळानं झाकण अर्धं उचलून दाखवलं. कागद पांढरा होता. पुन्हा उचललं तेव्हा कोट आला होता. तपकिरी, जांभळट, कोटाचा आकार आणि आत माणूस नाही. नंतर मिशी आली. कोटाच्या वर, कोऱ्या कागदावर, दुसऱ्या कशाचाही आधार नसलेली मिशी. मग डोळे आले, दोन्ही एकदम, आणि ते सरळ धर्मपालकडं बघत होते. मग कपाळाची कड, कान, गळ्याचा खड्डा. नाक सगळ्यात शेवटी आलं. ते त्याच्या ओळखीचं होतं.

कोणी ओढून काढत नव्हतं, कोणी रंगवत नव्हतं. ऊन पडत होतं आणि माणूस येत होता. धर्मपालला रडायला येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही. तो तोंड उघडं टाकून बघत राहिला.

कागद पक्का करायच्या पाण्यातून काढून शेषरावनं ताटात ठेवून आणला. जाईबाईनं तो दिसायच्या आधीच पदर डोक्यावरून पुढं ओढला, घरधनी बाहेरून यावा आणि बाईनं ओढावा तसा. ताट समोर आलं. ती वाकली.

तिनं फार वेळ बघितलं. मग मान वर करून लेकाकडं बघितलं, परत ताटाकडं, परत लेकाकडं.

"धरम्या," ती म्हणाली, "हा तं पोरगा हाय रे. तुह्याऊन लहान हाय."

धर्मपाल खाली वाकला. खरंच होतं. कोट खांद्यावर सैल होता, गळा कोवळा होता, मिशी मोठी दिसावी म्हणून पिळलेली होती. बावीस-तेवीस वर्षांचं पोर, गाडी चुकेल म्हणून घाबरलेलं, फोटोवाल्यानं धरून बसवलेलं.

"मी मनात त्यायले माह्यासंगं म्हतारं करत आनलं," जाईबाई सांगत होती, कोणाला ते कळत नव्हतं. "माहे केस पांढरे झाले, मी त्यायचे केले. माहे दात पडले, मी त्यायचे पाडले. रोज भांडली, रोज सांगितलं, तुमी मले टाकून गेले. अन हे अथी एवढंसं बसून राह्यलं. याले काय ठाऊक व्हतं टाकून जानं?"

पदर डोक्यावरून घसरला होता. तिनं तो पुन्हा ओढला नाही. ओल्या कागदाला धक्का लागू नये म्हणून तिनं दोन्ही हात वरच्या वर त्या तोंडावरून फिरवले, ते आपल्या कानशिलांवर नेले आणि दहाही बोटं कडाकडा मोडली. नवऱ्याची दृष्ट बायको अशी काढत नाही. आई लेकराची काढते. पार्वताबाईनं ताट आपल्या हातात घेतलं आणि कागद वाळायला उन्हात नेऊन ठेवला.